पंखाची उघडी कड

प्रिय नामू,

आजवर तुला जेवढी पत्रं लिहिली त्या सगळ्यांच्या डोक्यावर मी ‘चिरंजीव’ लिहिलं. पहिली बसऱ्याच्या पत्त्यावर गेली. मधली दोन परत आली. त्यानंतरची मी टपालात टाकलीच नाहीत, पेटीत ठेवली, पण ‘चिरंजीव’ सोडलं नाही. आज सकाळपासून दोन कागद फाडले. तो शब्द हातून उतरेना, म्हणून नुसतं प्रिय लिहिलं आहे. याचा अर्थ तुला कळला असेल. मला कळायला सोळा वर्षं लागली.

पत्र मी स्वतःच लिहितो आहे. माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंतचं, अक्षर वाकडं येतं, तरी दुसऱ्याला सांगून लिहून घेणार नाही. लिहिणारा माझं सोडून स्वतःचं काही घालील. तुझी आई म्हणाली, कोण कशाला घालील? तिला सगळं जग सरळ वाटतं.

आता का लिहितो ते सांगतो. यंदा संक्रांतीच्या जत्रेत, गड्ड्यावर, विमान आलं. जर्मनच्या लढाईतलं जुनं विमान, मोठ्या मंडपात मांडलेलं, भोवती दोरी, आणि बघायला सगळं सोलापूर लोटलेलं. तू ज्या लढाईला गेलास त्याच लढाईतलं, असं पाटीवर लिहिलेलं होतं. पाटीवर काय, कुणीही काहीही लिहितो!

पण तुला आधी मागचं सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा तुला समजणार नाही.

तू गेलास तो तंबू शिवायला जातो म्हणून. आपलं घर तीन पिढ्या पाल, राहुट्या, कनाती शिवणारं. पलटणीला शिवणारे हात हवे होते आणि तू माझं न ऐकता नाव दिलंस. तिकडून तुझी दोन पत्रं आली. काय होतं त्यांत? काम बरं आहे, खजूर पुष्कळ मिळतो, काळजी नसावी. विमानाचा एक शब्द नाही. नामू, एवढी मोठी गोष्ट बापाला का कळवली नाहीस? मी ती पत्रं उजेडाला धरून पाहिली होती, काही खोडलं आहे का म्हणून.

मग सरकारी कागद आला. इंग्रजीत होता. मी तो दोन ठिकाणी दोन माणसांकडून वाचून घेतला, एकाला दुसऱ्याची गोष्ट न सांगता. दोघांनी सांगितलं, तापानं वारला. दोघे सारखंच बोलले म्हणून मला आणखी संशय आला.

त्यानंतर काही महिन्यांनी यल्लप्पा आला. वळसंगचा सुतार, तुझ्याच बरोबर गेलेला, तुझ्याच छपरात कामाला असलेला. तू पत्रात त्याचं नाव लिहिलं होतंस म्हणून मी त्याला ओट्यावर बसू दिलं. तुझ्या आईनं पाणी दिलं. त्यानं फडक्याची गाठ सोडली. आत खजूर होता आणि तुझं पितळी अंगुस्तान होतं, शिवताना बोटावर चढवायचं, डाव्या बाजूला चेपलेलं. मी ओळखलं. तू लहानपणी दगडावर आपटून चेपवलं होतंस.

आणि त्यानं तोंड उघडून पहिलं वाक्य काय बोलावं?

“आबा, पयलं येकच सांगतो. तितं कड मुडपत न्हाईत. नामूनं पंखाला ठिगळं लावली ती उगडी कड ठिवून.”

मी विचारलं, कशाचे पंख? तो म्हणाला, विमानाचे. पंख कापडाचे असतात, सुई-दोऱ्यानं शिवतात, वरून खळीसारखा एक रंग देतात, मग कापड ताशासारखं ताणतं. त्या रंगाला पिकल्या केळ्यांचा वास येतो. त्या वासात दिवसभर बसून तुला कावीळ झाली, डोळे हळदीसारखे झाले, आणि तू गेलास.

मी ऐकत होतो आणि माझ्या मनात एकेक धागा सुटत होता. कागद म्हणतो ताप, हा म्हणतो कावीळ. पोर गेलं तंबू शिवायला, हा म्हणतो विमान. लोखंडाचं यंत्र आभाळात जातं ते कापडाच्या पंखांनी? माझ्या तंबूचं कापड वाऱ्याच्या एका झटक्यानं फाटतं, ते मी रोज बघतो. पण हे सगळं एक वेळ खपलं असतं. उघडी कड खपली नाही. तुला मी कड मुडपायला शिकवलं ते तू सात वर्षांचा असताना. एकदा घाईत न मुडपता दिलीस म्हणून अख्खी कनात उसवायला लावली होती. रडत रडत उसवलीस, आठवतं? त्यानंतर तुझ्या हातून उघडी कड गेली नाही. मग हा कुठल्या नामूची गोष्ट सांगत होता?

मी उभा राहिलो. म्हणालो, “माझ्या पोरानं कड उघडी सोडली म्हणतोस? ऊठ माझ्या ओट्यावरून.”

तो म्हणाला, “आबा, निरोप तरी पुरा आयका.”

मी ऐकला नाही. खजूर रस्त्यावर फेकला. अंगुस्तानही फेकणार होतो, पण ते तुझ्या आईनं मुठीत धरलं होतं.

माझा तर्क सांगू? मला वाटलं, तू तिकडेच राहिलास. कुठली बाई केली असशील, धर्म सोडला असशील, आणि लाज वाटून याला खोटं सांगायला पाठवलं असशील. किंवा यानंच तुझं काही लुबाडलं असेल. रोज नवा तर्क. पण त्या सगळ्या तर्कांत तू जिवंत होतास. हे मला आज दिसतं आहे.

मी पेठेत सगळ्यांना सांगितलं की वळसंगचा यल्लप्पा खोटारडा आहे, कापडाची विमानं उडवतो. लोक हसले. लोकांना काय, एक नाव मिळालं. बाजारात तो दिसला की ‘विमान्या’ म्हणून हाका मारायचे. पुढे त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती, त्या मुलीचा बाप चौकशीला माझ्याकडे आला. मी म्हणालो, मेलेल्या माणसाच्या नावानं जो खोटं बोलतो त्याला मुलगी द्यायची तर द्या. सोयरीक मोडली. त्याचं लग्न झालं, पण फार उशिरा. तेव्हा मला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, माझ्यासारखंच आणखी कुणीतरी सावध झालं.

आणि तुझी आई. तिनं यल्लप्पावर पहिल्या दिवशीच विश्वास ठेवला. तिला तुझ्या नावानं पाणी सोडायचं होतं, मी सोडू दिलं नाही. जिवंत पोराच्या नावानं पिंड ठेवतात का? पितृपक्षात ती एक पान बाजूला काढायची. मी विचारायचो, हे कुणाचं? ती म्हणायची, कावळ्याचं. मी ते पान उचलून गाईला घालायचो.  पुढच्या वर्षी ती पुन्हा पान काढायची.

यंदा दिवाळीपासून तिचं अंग गळालं आहे. जिना चढत नाही. संक्रांतीच्या आधी एक दिवस सुपात तीळ निवडता निवडता म्हणाली, “माज्या हातानं त्याला पाणी मिळू द्या. मी गेल्यावर तुमी तर द्याचं न्हाई.”

 आणि त्याच आठवड्यात गड्ड्यावर विमान आलं!

पहिल्या दिवशी मी एकटाच गेलो. दोरीच्या बाहेर उभा राहून पाहिलं. एकावर एक असे दोन पंख, मध्ये काठ्या, तारा, पुढे लाकडाचं पातं. अंगावर गोल रंगवलेले. मला वाटलं, ताबूत करणाऱ्यांनी बांबू आणि कागदाचं केलं असणार, त्यांचे हात मी ओळखतो. मग नीट पाहिलं तर पंख चंदेरी, पत्र्यासारखे चकाकणारे. माहिती सांगणारा माणूस एका घोळक्याला म्हणाला हे विमान बसऱ्याकडे लढलं. पुढच्या घोळक्याला म्हणाला फ्रान्सात लढलं. मी दोन्ही वेळा तिथेच उभा होतो. विचारलं, एकच विमान दोन्हीकडे कसं? तो म्हणाला, “उडतंय न्हवं का ते, आजोबा?” आणि सगळे हसले.

घरी येऊन मी तुझ्या आईला सांगितलं, पत्रा आहे. कापड नाही, पत्रा. यल्लप्पा खोटा.

ती म्हणाली, “हात लावून बगितलाव?”

मी म्हणालो, दोरी बांधली आहे.

“मग कसं कळलं?”

नामू, तुझी आई कमी बोलते. पण असं एखादं बोलते आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहीत दाभण घालून गेलो. आपलं जुनं, पालाच्या दोरीचं, वीतभर लांबीचं. दुपारच्या वेळी मंडपात माणसं कमी होती. माहिती सांगणारा जेवायला बसला होता. मी दोरीखालून वाकून आत गेलो. कमरेत कळ आली, तरी गेलो. पंखाच्या खाली उभा राहिलो आणि दाभण टेकवलं. पत्र्यावर टक् वाजेल म्हणून कान लावला होता.

दाभण आत गेलं.

ताशाच्या चामड्यात गेल्यासारखं गेलं, फट् असा आवाज झाला. मी घाबरून हात ओढला तर कापड चार बोटं फाटत आलं. फाटलेल्या जागेतून आतली लाकडी पट्टी दिसली आणि तिच्यावर टाके दिसले. हाताचे टाके, नामू. ठरावीक अंतरावर गाठ.

विमानाबरोबर आलेला मेस्तरी धावत आला. निजामाकडचा मुसलमान माणूस, साठीला टेकलेला, दखनी मिसळून मराठी बोलणारा. मला वाटलं आता पोलिसात देतो. मी पळायच्या स्थितीत नव्हतो. त्यानं माझ्या हातातलं दाभण पाहिलं, बोटांवरचे घट्टे पाहिले.

“शिवणारे हायती का चाचा तुमी?”

मी म्हणालो, होय, तंबू शिवतो.

“मग बसा हितंच. भोक तुमी पाडलाव, भरताना बगा.”

मी खोक्यावर बसलो. त्यानं आधी फाटलेली जागा तिरप्या टाक्यांनी जवळ आणली. मग कापडाचा एक तुकडा कापला. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. आता तो कड मुडपील, आता मुडपील. त्यानं मुडपली नाही. नखानं चारी बाजूंचे दोरे ओढून काढले, बोटाच्या पेराएवढ्या दशा मोकळ्या केल्या, आणि तुकडा तसाच पंखावर ठेवला. डब्याचं झाकण उघडलं.

पिकल्या केळ्यांचा वास आला.

नामू, मी डब्याकडे वाकून पुन्हा वास घेतला.  तो ब्रश फिरवत होता, आणि ढिलं पडलेलं कापड माझ्या डोळ्यांसमोर ताणत गेलं, यल्लप्पा म्हणाला होता तसंच.

मी कसंबसं विचारलं, कड का मुडपत नाही?

“मुडपली की तितं जाड हुतं. वारा त्याच्या खाली शिरतो, ठिगळ उपटून नेतो. दशा सोडल्या की रंग त्यात मुरतो. हितं उगडी कडच धरून ऱ्हाती, चाचा.”

साठ वर्षं मी सुई धरली, आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी आणखी एक विचारलं. या रंगानं माणसाचे डोळे पिवळे होतात का?

त्याचा ब्रश थांबला. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाला, तुम्हाला कुणी सांगितलं?  मग तो हळू आवाजात म्हणाला की आताचा रंग वेगळा, पण तेव्हाच्या रंगानं बंद छपरात काम करणारी काही माणसं पिवळी होऊन गेली, असं त्यानंही ऐकलं आहे. मग विचारलं, कोण होतं तुमचं?

मी म्हणालो, मुलगा होता.

होता. सोळा वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा बोललो, आणि तोही एका अनोळखी माणसासमोर. तुझ्या आईसमोर नाही.

त्यानं मला सगळं विमान पाहू दिलं. दोन्ही पंख, शेपटी, खालची बाजू, सगळं. मी प्रत्येक ठिगळ बोटानं चाचपलं. तू डावखुरा, दोरा संपवताना गाठीला डावीकडे तीन वेढे देतोस. ती गाठ मी हजार गाठींत ओळखीन. रंगाखाली टाक्यांचे उंचवटे लागत होते. मी डोळे मिटून चाचपत होतो. लोक जमले, कुणीतरी म्हणालं म्हातारा नवस फेडतोय. मी लक्ष दिलं नाही.

तुझी गाठ नव्हती. एकही नव्हती.

मला वाटलं होतं, एक तरी सापडेल. सापडली असती तर मी काय केलं असतं, कोण जाणे. कदाचित तिच्यावरही संशय घेतला असता. पण तुझा हात नसलेल्या त्या विमानात यल्लप्पाचा शब्द न् शब्द खरा होता. कापड खरं, वास खरा, उघडी कड खरी. मग शेवटचं तेवढं खोटं कसं असेल?

ते विमान खरोखर लढाईत गेलं होतं का, याची मला अजून शंका आहे. पण ती माहिती सांगणाऱ्या माणसापुरती.

काल मी वळसंगला गेलो. बैलगाडीनं, तुझ्या आईला न सांगता. यल्लप्पा अंगणात दाराच्या चौकटीला रंधा मारत होता. केस पिकले आहेत त्याचे, तुझ्याच वयाचा ना तो? त्यानं मला पाहिलं, या म्हणाला नाही, रंधा थांबवला नाही. मी गाडीत बसून काय बोलायचं ते जुळवलं होतं, त्यातलं एकही आठवेना.

मी म्हणालो, “कड उघडीच ठेवतात.”

तो म्हणाला, “व्हय.”

 मग मी विचारलं की त्या दिवशी जो निरोप अर्धा राहिला तो काय होता. सोळा वर्षं मी ते विचारायला भीत होतो, हे त्याला सांगितलं नाही. त्याला दिसलं असेल.

त्यानं रंधा खाली ठेवला. म्हणाला, “आबा, निरोप अर्दा न्हवता ऱ्हायला. मी पयलं बोललो त्योच निरोप हुता.”

मला समजेना.

“शेवटच्या दिवशी शुद्ध हुती त्याला. म्हनला, यल्लप्पा, आबांना पयलं ह्येच सांग. बाकीचं मागनं सांग. तितं कड मुडपत न्हाईत, म्हनून मी उगडी ठिवली, न्हाईतर ठिवली नसती म्हनावं. त्यांनी शिकवलेलं मी इसरलो न्हाई. दुसऱ्या कुनाकडनं कळलं तर त्यांना वाईट वाटंल.”

म्हणून तू पत्रात विमानाचं लिहिलं नाहीस! मरताना तुला आईची आठवण यायला हवी होती, देवाची यायला हवी होती. तुला माझ्या एका कनातीची भीती आठवली. आणि तू पाठवलेलं ते एकच वाक्य मी खोटं ठरवून दाराबाहेर काढलं.

तरी माझा स्वभाव बघ. मी त्याला म्हणालो, हे तू आत्ता जुळवून तर सांगत नाहीस?

यल्लप्पा हसला. सोळा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, “बसा आबा. आता पटलं तुमीच हाव म्हनून.” आणि आत बायकोला हाक मारून चहा सांगितला.

मी त्याची माफी मागितली.  मोडलेल्या सोयरिकीचंही बोललो. तो म्हणाला, ती गोष्ट सोडा, हिच्यासमोर नको. पण चहा पिताना त्याच्या कपाळाची शीर उडत होती. सगळंच काही सुटत नाही, नामू, हे मला दिसतं.

घरी आल्यावर तुझ्या आईजवळ बसलो. तिनं विचारलं, कुठे होतात? मी म्हणालो, वळसंगला. ती उठली, पेटी उघडली आणि तुझं अंगुस्तान माझ्यापुढे ठेवलं. 

आता माझा शब्द ऐक. येत्या अमावास्येला सिद्धेश्वराच्या तळ्यावर तुझी आई तुझ्या नावानं पाणी सोडील आणि मी तिचा हात धरून उभा राहीन. यल्लप्पा येणार आहे. त्याच्याआधी पेठेत ज्या ज्या घरी मी त्याला खोटारडा म्हटलं त्या प्रत्येक घरी जाऊन सांगीन की खोटं मी बोललो. त्या दिवशी तुझ्या नावानं एक उपरणं द्यायचं आहे. कापड आणलं आहे, समोर पडलं आहे. ते मी स्वतःच्या हातानं करीन, तुझं अंगुस्तान बोटात घालून, आणि त्याच्या चारी कडांच्या दशा मोकळ्या सोडीन. मुडपणार नाही.

तू कनात उसवत रडलास त्या दिवशी तुझ्याजवळ बसायला हवं होतं,

तुझा आबा